सर्वानुमते मंजूर

पुंडलिकराव देवतळ्यांचं अक्षर फार सुंदर होतं, आणि त्यांच्या आयुष्यात जे काही लाजिरवाणं घडलं ते त्या अक्षरापायीच घडलं. बोरखेडीच्या हायस्कुलात ते इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवत. बोरखेडी म्हणजे कारंज्यापासून पाच मैलांवर, नागपूर–अमरावती सडकेवरचं गाव. ट्रकवाले चहा प्यायला थांबत, म्हणून बाहेरच्या जगाला त्याचं नाव ठाऊक. अशा गावात हायस्कूल कसं आलं, याला उत्तर एकच : बाबाराव मालगुजारांच्या मनात आलं, म्हणून आलं. शाळेला नाव त्यांच्या वडिलांचं, संस्थेचे अध्यक्ष ते स्वतः, आणि शाळेची घंटा म्हणजे त्यांच्याच मोडक्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, सरकारनं एक्कावन साली काढून घेतली होती. पण ती बातमी बोरखेडीत कुणी बाबारावांच्या कानावर घातलेली दिसत नव्हती.

पुंडलिकराव नागपुराहून बी.ए. होऊन इथं आले, तेव्हा त्यांच्या डोक्यात बरंच काही होतं. मुलांना जुने किल्ले दाखवायचे, गावाचा नकाशा त्यांच्याकडूनच काढून घ्यायचा, वर्गात कायदेमंडळ भरवायचं. अकरा वर्षांत त्या सगळ्याची सनावळी झाली. मास्तर सन सांगत, पोट्टे सन घोकत, परीक्षेत उतरवत, आणि दोन्ही पक्ष मोकळे होत. नागरिकशास्त्राचंही तेच. ‘सभेचे कामकाज’ हा धडा ते दरवर्षी एका चालीवर म्हणून घेत : आधी सभा, मग ठराव, मग इतिवृत्त, विरोध असल्यास विरोधकाच्या नावासह नोंदवावा. पन्नास पोरं एका सुरात म्हणत, छपरावरची कबुतरं उडत, आणि तास संपे. विषयावर त्यांचं प्रेम नव्हतं असं नाही. पण आपण जे शिकवतो ते खरं मानून कुणी उद्या तसं वागेल, अशी शंका त्यांच्या मनाला कधी शिवली नाही.

बाबारावांना इतिहासाचा पहिल्यापासून राग. जे होऊन गेलं ते शिकवायला पगार कशाला द्यायचा, हा त्यांचा रोकडा सवाल. चोपन्न साली ते वर्ध्याला कुठल्याशा संमेलनाला गेले, मागच्या रांगेत बसून अर्धं भाषण ऐकलं, उरलेल्या अर्ध्यात झोपले, आणि परत येऊन हुकूम सोडला की यापुढं सगळे विषय सूत कातायच्या टकलीवरून शिकवायचे. ज्यांनी ती पद्धत काढली त्यांच्याकडे जाऊन ती कशी चालते हे बघून यावं, असं कुणाला सुचलं नाही. मग पुंडलिकरावांनी पानिपतची लढाई सूत कातता कातता शिकवली. भाऊ पडले आणि बत्तीस पोरांचे धागे एकदम तुटले. एका पोट्ट्यानं उभं राहून विचारलं, अब्दालीचा कपडा कोन्या नंबरच्या सुताचा होता, आणि मास्तरांनी न चिडता वीस नंबर असं उत्तर दिलं. पुढं ते परीक्षेतही आलं. चार महिन्यांनी टकल्या हरवल्या आणि मराठे पुन्हा विनासुताचे लढू लागले.

आता अक्षराची गोष्ट. संस्थेची सभा दर तीन महिन्यांनी होई. म्हणजे आधी ती वहीत होई, मग जमलं तर प्रत्यक्षात. बाबाराव माणूस घाईचा. आज कापसाच्या गाड्या, उद्या नागपूर, परवा सोयरीक. सभा होईपर्यंत थांबायला त्यांना सवड कुठली? म्हणून ते सभेच्या आदल्या दिवशी मास्तरांना ओसरीवर बोलावत, ठराव सांगत, मास्तर ते आपल्या मोत्यासारख्या अक्षरात वहीत उतरवत, आणि बाबाराव खाली दोन ओळी सोडून ऐटीत सही ठोकत. सूचक नेहमी कुणीही, अनुमोदक नेहमी रूपराव. रूपराव हे गावातले सज्जन शेतकरी. सभा झाल्यावर रस्त्यात मास्तर भेटले की ते न चुकता विचारत, “काय गुरुजी, मी कायले अनुमोदन देलं यंदा?” एकदा रूपराव तापानं पडले होते, म्हणून मास्तरांनी अनुमोदक म्हणून रामाजींचं नाव घातलं. रामाजी वारून तेव्हा दोन महिने झाले होते. मास्तरांच्या हे ध्यानात आलं, तोवर शाई वाळली होती. पान फाडायची सोय नव्हती, कारण वहीच्या प्रत्येक पानावर शिक्षण खात्याचा शिक्का आणि आकडा असे. बाबाराव म्हणाले, “असू द्या, सभासद होते थे.” ठरावाच्या शेवटी कायम एकच वाक्य : सर्वानुमते मंजूर. हे दोन शब्द पुंडलिकराव इतके सुरेख लिहीत, की हेडमास्तर मधुकरराव पाहुण्यांना मुद्दाम वही उघडून दाखवत.

म्हणजे सोमवारी वर्गात ‘आधी सभा, मग इतिवृत्त’ आणि शनिवारी ओसरीवर आधी इतिवृत्त, मग सभा. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असतो, हे अकरा वर्षांत मास्तरांच्या मनात आलं नाही. शिकलेल्या माणसाला अशा गोष्टी न दिसण्याची सवय करून घ्यावी लागते, आणि ती त्यांनी चांगली करून घेतली होती.

सत्तावन सालच्या एप्रिलात बाबारावांनी मास्तरांना असंच बोलावलं. बाबाराव पानाचा डबा उघडून बसले होते.

“मास्तर, आपली शाळा आता बहुउद्देशीय कराची. नवव्या वर्गापासून दोनच विषयगट. एक शेती, एक हस्तोद्योग.”

“आणि इतिहास-नागरिकशास्त्राचा गट?”

“बंद. काय कामाचा हाय थो? इतिहासानं वावर नांगरल्या जाते काय? शाळेपाशी जमीन नाई, म्हून शेती ज्याच्या घरी दोन एकर वावर हाय थ्यालेच. बाकीचे पोट्टे-पोट्टी सूत कातन, टोपल्या विनन. हाताले काम, पोटाले भाकर. सरकारबी खूश.”

“माझं काय?”

“तुमी सूत मोजसान. पगार थोच, खोली तेच. उलट बोलनं कमी, घशाले आराम.” बाबारावांनी पान पुढं केलं. “लेहून घ्या.”

पुंडलिकरावांनी पान खाल्लं आणि लिहून घेतलं. आपलाच विषय आपल्याच अक्षरात पुरताना शेवटच्या ‘सर्वानुमते’चा रफार नीट आलाय की नाही हे त्यांनी वही तिरपी धरून पाहिलं. बाबारावांनी दोन ओळी सोडून सही केली. इथं सांगून ठेवायला हवं, की त्याच बाबारावांचा एकुलता एक मुलगा ओमप्रकाश तेव्हा नागपुरात इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करत होता. पुढं त्याला वकील करायचा होता. पण तो आपला मुलगा. दुसऱ्याच्या मुलानं काय शिकावं हा प्रश्न नेहमीच सोपा असतो.

विषयगट बंद करायचा तर पालकांना सभेला बोलावणं भाग, असा खात्याचा नियम होता. आजवर सभेची दवंडी पिटली जाई. दवंडी पिटणारा गावाच्या पश्चिमेच्या वस्तीतला; तो सगळ्या गावभर पिटायचा आणि आपल्या वस्तीत न पिटताच घरी जायचा. तिथलं कुणी सभेला यावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती, त्याचीसुद्धा नाही. पण गेल्या दसऱ्याला नागपुरात जाऊन ती सगळी वस्ती बौद्ध होऊन आली होती. गावकीची कामं त्यांनी सोडली आणि दवंडीही सोडली. बाबाराव आठ दिवस धुसफुसले. मग यंदा नाइलाजानं सूचनेचा कागद शाळेच्या दारावर चिकटवावा लागला. अक्षर अर्थातच पुंडलिकरावांचं. दवंडी जिथं कधी पोचली नव्हती तिथं तो कागद पोचला, कारण तो आठवीतल्या सुलोचनानं वाचला.

सुलोचना ढोके ही त्या वस्तीतून आठवीपर्यंत आलेली पहिली मुलगी. बाप प्रेमदास पुलगावच्या डेपोत हमालीला, महिन्यातून एकदा घरी येई. आई धुरपता दिवसभर लोकांच्या वावरात निंदायला, वेचायला जाई. पोरगी अबोल, पण दोन गोष्टींत पक्की. एक म्हणजे तिनं मास्तरांचं अक्षर कित्त्यासारखं गिरवून गिरवून असं उचललं होतं, की वही तपासताना मास्तरांनाच वाटे, हे मी कधी लिहिलं? दुसरी म्हणजे ती घरी मोठ्यानं अभ्यास करी. धुरपता भाकरी थापता थापता ऐकत असे. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण नदीच्या खोऱ्यांपासून राज्यपालाच्या अधिकारांपर्यंत सगळा भाग कानानं पाठ झाला होता. आणि तिची पंचाईत ही, की ते सगळं तिला खरं वाटे.

सभा रविवारी सकाळी भरली. वहीप्रमाणे हजर अठ्ठेचाळीस, प्रत्यक्षात तीसेक माणसं सतरंजीवर. टेबलामागं बाबाराव, डावीकडं हेडमास्तर मधुकरराव, उजवीकडं वही, टाक आणि दौत घेऊन पुंडलिकराव. मधुकरराव कुठल्याही सभेत बोलत नसत. त्यांच्या गप्प बसण्याला गावात समंजसपणा म्हणत.

“आज एकच विषय,” बाबाराव म्हणाले. “मास्तर, वाचा.”

मास्तरांनी घसा साफ करून वाचलं. नवव्या वर्गापासून शेती व हस्तोद्योग हे दोनच गट राहतील, इतिहास-नागरिकशास्त्राचा गट बंद करण्यात यावा. सूचक बाबारावजी, अनुमोदक रूपरावजी. सर्वानुमते मंजूर.

चहाची किटली आत येत होती. तेवढ्यात दाराजवळून आवाज आला.

“अध्यक्षमहाराज, मले बोलाचं हाय.”

तीस माना वळल्या. दाराच्या चौकटीला धरून धुरपता उभी होती, मागं सुलोचना. बाबारावांना गावात कुणी अध्यक्षमहाराज म्हणत नसे. सगळे मालक म्हणत, धुरपताही आजवर तेच म्हणायची. धड्यात मात्र अध्यक्षमहाराज म्हणावं असं लिहिलं होतं.

“बोल वं,” बाबाराव हसत म्हणाले. “पानी नाई भेटलं काय वस्तीले?”

“पान्याचं नाई. ठरावाचं हाय. तुमी मंजूर म्हून वाचून राह्यले, अन् आमाले तं कोनी इचारलंच नाई. आधी सभा होते, मंग ठराव होते. गुरुजीनंच शिकवलं पोरीले.”

पुंडलिकरावांनी उगाच दौतीचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

“बरं, इचारलं समज,” बाबाराव म्हणाले. “काय म्हननं हाय तुह्यं?”

“माह्यी सुली नवव्या वर्गात इतिहास घेनार हाय, नागरिकशास्त्र घेनार हाय. वावर आमाले नाई, म्हंजे शेती नाई. मंग थिनं काय शिकावं?”

“हस्तोद्योग. हाताले काम भेटन.”

“हाताचं काम आमाले कोन्या शाळेनं शिकवलं, अध्यक्षमहाराज?” धुरपताचा आवाज चढला नाही. “माह्या सासूनं तुमच्या वावरात जल्म काढला. मी बी काढून राह्यली. थ्याच्यासाठी आमाले फी नाई भरा लागली. जे आमाले घरीच येते, थे शिकाले पोरीले शाळेत काऊन धाडू? जे नाई येत थे शिकवा.”

किटलीवाला पोऱ्या तसाच उभा.

“अन् तुमचा ओमप्रकाश नागपुरात काय शिकते?”

“थ्याचं इथं काय काम?”

“नाई, म्हटलं थ्याले बी सूतच कातू द्याचं होतं.”

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. बाबारावांचे कान लाल झाले.

“झालं तुह्यं? मास्तर, लेहून घ्या थिचा विरोध.” आणि धुरपताला दिसणार नाही असा त्यांनी मास्तरांकडं पाहून डोळा बारीक केला. अकरा वर्षांच्या सहवासात पुंडलिकरावांना या डोळ्याचा अर्थ समजावून सांगायची गरज राहिली नव्हती.

त्यांनी टाक उचलला. दौतीत बुडवला नाही. कोरडा टाक कागदाच्या वर बोटभर अंतरावरून डावीकडून उजवीकडं नेला, परत आणला, पुन्हा नेला. मध्ये थांबून विचार केल्यासारखं केलं. शेवटी एक टिंबही दिलं. एवढ्या मन लावून त्यांनी आयुष्यात कधी खोटं लिहिलं नसेल. खरं सांगायचं तर लिहिलंही नव्हतंच.

“लेहलं काय गुरुजी?” धुरपतानं विचारलं.

“लिहिलं बाई.”

“सुले, जाय. वाच बरं.”

आठवीपर्यंत आपण या मुलीला वाचायला शिकवलंय, ही गोष्ट मास्तरांच्या हिशेबातच नव्हती. सुलोचना सतरंजीच्या कडेकडेनं चालत टेबलापाशी येऊ लागली. आणि नेमकं त्याच वेळी दारात घुंगरं वाजली.

“झाली काय सभा? मी कायले अनुमोदन देलं?”

रूपराव होते. पहाटेच कारंज्याच्या बाजाराला गेले होते आणि नवी बैलजोडी हाकत परस्पर शाळेत आले होते. ठरावाला अनुमोदन देऊन बसलेला माणूस आत्ता बैलाचा कासरा हातात घेऊन दारात उभा, हे पाहून सगळी सभा हसायला लागली. बाबाराव उसळले, “कुठी गेलते तुमी?” रूपराव म्हणाले, “बैल घ्याले गेलतो. पाहा तं, कसे हाय.” आता बोरखेडीत बैल दारात आले आणि माणसं आत बसून राहिली असं कधी झालेलं नाही. एकजण उठला, दात बघायला. दुसरा उठला, पाय बघायला. बाबारावांना बैलातलं सगळ्यांपेक्षा जास्त कळतं अशी त्यांची स्वतःची समजूत, म्हणून तेही बाहेर गेले. मधुकरराव समंजसपणे त्यांच्यामागं गेले. खोलीत राहिली तिघं : टेबलाशी मास्तर आणि सुलोचना, दाराशी धुरपता.

सुलोचनानं पान पाहिलं. ‘सर्वानुमते मंजूर’ आणि खाली अध्यक्षांची सही. मधल्या दोन ओळी कोऱ्या. तिनं मास्तरांकडं पाहिलं.

“गुरुजी, विरोध लिहायचा राहिला.”

आवाजात ना राग, ना उपहास. वर्गात फळ्यावरची चूक दाखवावी तसं ती म्हणाली. मागच्याच महिन्यात या प्रश्नाला मास्तरांनी तिला पाचपैकी पाच गुण दिले होते. विरोध असल्यास काय करावे? विरोधकाच्या नावासह नोंदवावा. पुढं ‘उत्तम’ असा शेरा लिहून त्याखाली रेघही मारली होती.

सुलोचनानं त्यांच्या बोटांतून टाक काढून घेतला. त्यांनी तो सोडला. तिनं तो दौतीत बुडवला, कडेला टेकवून जास्तीची शाई निथळली, आणि त्या दोन ओळींत लिहिलं : ‘विरोध : एक. सौ. धुरपताबाई प्रेमदास ढोके, पालक. कारण : जे घरी येते ते शिकण्यास शाळा लागत नाही, जे घरी येत नाही ते शाळेने शिकवावे.’ अक्षर हुबेहूब मास्तरांचं. ‘सर्वानुमते’ या शब्दावर तिनं एक सरळ आडवी रेघ मारली. मग टाक होता तसा मास्तरांच्या हातात परत ठेवला.

बैलांचे दात बघून मंडळी परतली, तेव्हा सुलोचना ती ओळ खणखणीत वाचत होती आणि पुंडलिकराव हातात ओला टाक घेऊन बसले होते. बघणाऱ्यांनी जे बघितलं त्यावरून जो निष्कर्ष काढायचा तो काढला. बाबारावांनी वही ओढून घेतली. पान शिक्क्याचं, आकड्याचं; फाडता येत नाही. आणि विरोधाच्या खाली, अगदी त्याला लागून, त्यांची स्वतःची झोकदार सही.

“मास्तर,” ते एवढंच म्हणाले. चहा तसाच गार झाला.

पुढं जे झालं ते पुंडलिकरावांच्या कर्तृत्वानं झालं असं गाव सांगतं. खरं तर ते सरकारच्या कारभारानं झालं. एकमतानं ठराव नसेल तर गट बंद करायला वरची परवानगी लागे. पूर्वी वर म्हणजे नागपूर. गेल्या नोव्हेंबरात वऱ्हाड-नागपूर मुंबई राज्यात गेलं, तेव्हापासून वर म्हणजे मुंबई. बोरखेडीचा कागद निघाला खरा, पण राज्यच बदलल्यामुळं तो कुठल्या कपाटात विसावला हे कुणाला सांगता येईना. परवानगी आली नाही, म्हणून गट बंद झाला नाही. जुलैत एक तपासनीस आले. त्यांनी वही पाहिली, अक्षर पाहिलं, आणि उभे राहून पुंडलिकरावांचा हात हातात घेतला. “अध्यक्षांच्या समोर असा विरोध नोंदवायला छाती लागते, गुरुजी.” पुंडलिकराव खाली बघत राहिले. तपासनिसांना तो विनय वाटला.

मग गावालाही तसं वाटू लागलं. पानठेल्यावर गोष्ट रंगत गेली. आधी मास्तरांनी गुपचूप लिहिलं होतं. दिवाळीपर्यंत ते बाबारावांच्या डोळ्यांत डोळे घालून लिहू लागले. होळीपर्यंत त्यांनी टेबलावर मूठही आपटली. वस्तीतली माणसं रस्त्यात त्यांना थांबून रामराम सोडून नव्यानं जयभीम करू लागली, आणि मास्तरही हात जोडून घेत. सुलोचना नववीत आली. पहिल्या बाकावर बसून सन लिहून घेत राहिली. ती काही बोलली नाही. धुरपताही नाही. रस्त्यात भेटली की ती मास्तरांना नमस्कार करी, फक्त त्यांच्या तोंडाकडं न बघता त्यांच्या उजव्या हाताकडं बघे. निदान मास्तरांना तसं वाटे.

अठ्ठावन साली तालुक्याचा कारभार बघणाऱ्या जनपद सभेची निवडणूक जवळ आली. बाबारावांना वस्तीची मतं हवी होती. ज्या माणसाशी त्यांनी वर्षभर धड बोलणं टाकलं होतं, त्याच पुंडलिकरावांचा पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. “आमच्या शाळेत विरोधाचीबी नोंद होते!” बाबाराव माईक नसताना माईकपेक्षा मोठ्यानं ओरडले. “असे निर्भीड मास्तर आमी नेमले!” टाळ्या झाल्या. रूपरावांनी आभार मानले. या खेपेला ते खरोखर हजर होते. पुंडलिकरावांनी शाल घेतली. नारळही घेतला.

संध्याकाळी बायको कुसुमबाई शालीचा पोत चिमटीत धरून बघत म्हणाली, “एक इचारू काय?”

“विचार.”

“थे तुमी लेहलं होतं?”

“वहीत अक्षर कोणाचं आहे?”

“अक्षराचं नाई इचारलं मी. तुमी तं भाजीवालीनं सडके टमाटर देले तरी वापस करत नाई. वीस वर्सं झाली पाहून राह्यली.” तिनं शाल घडी करून पेटीत ठेवली. “जाऊ द्या. गरम हाय, थंडीत कामी येईन.”



सोमवारी दहावीच्या वर्गात धडा होता ‘इतिहासाची साधने’. ताम्रपट, नाणी, पत्रं, वह्या. मास्तरांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, “एखाद्या कागदावरचं अक्षर ओळखीचं असेल, तर तो कागद कुणी लिहिला हे सांगता येतं की नाही?”

“येतं!” वर्ग एका सुरात म्हणाला. पुस्तकात तसंच होतं.

सुलोचना गप्प होती. खाली मान घालून शाईचा डाग अंगठ्यानं पुसत होती. मास्तर तिच्याकडं बघत राहिले. वर्षभर या पोरीनं त्यांचं एक गुपित सांभाळलं होतं आणि बदल्यात काहीच मागितलं नव्हतं, एखादा वाढीव गुणसुद्धा नाही. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की खुर्चीवर बसवेना.

“चूक,” ते म्हणाले. “येत नाही.”

पोरं गोंधळली. मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि सांगायला सुरुवात केली. गेल्या साली एप्रिलात आपल्या शाळेच्या वहीत एक विरोध लिहिला गेला. अक्षर माझं दिसतं. ते माझं नाही. मी टाक दौतीत बुडवलाच नव्हता. कागदाच्या वरून कोरडाच फिरवत होतो. असा. त्यांनी खडू हातात धरून फळ्यासमोर हवेत तो डावीकडून उजवीकडं नेला, परत आणला, शेवटी टिंबही दिलं. मागच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं, मग सगळा वर्ग. मास्तरांनी हसू दिलं. रामाजी मेल्यावर त्यांच्या नावानं अनुमोदन कुणी लिहिलं तेही सांगितलं. हसणं आणखी वाढलं. बाहेरून जाणारे मधुकरराव दारात थबकले, आत काय चाललंय ते ऐकलं, आणि समंजसपणे पुढं निघून गेले.

“तो विरोध धुरपताबाईंनी केला,” मास्तर म्हणाले, “आणि लिहिला सुलोचनानं. मी तिथं होतो, म्हणून मला माहीत आहे.”

आता कुणी हसत नव्हतं. पहिल्या बाकावर सुलोचनानं मान वर केली होती. पुंडलिकरावांनी खडू खाली ठेवला.

“हं,” ते म्हणाले, “लिहून घ्या.”